तसबिरीतल्या ताराबाई

स्मरणिका समितीने मला बालवर्गाच्या बाईंवर लिहायला सांगितले होते. मी आनंदाने हो म्हटले आणि त्यांच्या घरी फोन केला. घरच्यांनी फार प्रेमाने, पण ठामपणे नकार दिला. आपल्यावर काही छापून येऊ नये अशी बाईंची इच्छा होती, आणि ती त्यांच्या मागेही पाळायची असे घरात ठरले आहे. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा बाईंनी भाषणे होऊ दिली नव्हती, फक्त मुलांना गूळ-शेंगदाणे वाटले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. तेव्हा मी समितीला कळवले की बाईंवर लिहीत नाही, बाई ज्यांच्या हाताखाली शिकल्या त्यांच्यावर लिहिते. ते चालेल की नाही हे समितीने अजून कळवलेले नाही. लेख छापला गेलाच तर चालले असे समजावे.

बालवर्गाच्या खोलीत, घड्याळाच्या खाली, एक तसबीर होती. पांढऱ्या केसांच्या, साध्या पातळातल्या एक वृद्ध बाई. आमच्यातल्या निम्म्यांना ती बाईंची आई वाटायची. उरलेल्यांना वाटायचे की ही शाळेची मालकीण असावी, कारण दर सोमवारी तिला जास्वंदीचे ताजे फूल वाहिले जायचे. जुन्या अकरावीची परीक्षा देऊन मी शाळेतून बाहेर पडले त्या १९७२ सालापर्यंत त्या कोण हे मला ठाऊक नव्हते. डी.एड.ला गेल्यावर पुस्तकात तोच चेहरा समोर आला आणि खाली नाव होते, ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. प्रार्थना समाजाच्या घरात मुलींना शिकवायचे की नाही हा प्रश्नच नसे. मूर्तिपूजा, जातपात, विधवांचे केशवपन या सगळ्याविरुद्ध बोलणारी माणसे घरी येत-जात असत. अशा घरातल्या मुलीला इतर घरांपेक्षा मोकळीक अधिक मिळे, आणि बाहेरच्यांचे टोमणेही अधिक खावे लागत. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी बाई म्हणजे लोक वळून बघत. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

हे लग्न टिकले नाही. १९२१ मध्ये ताराबाई लहानग्या मुलीला, प्रभाला, घेऊन वेगळ्या झाल्या. त्यांच्यावरच्या लेखांमध्ये हे एका ओळीत येते आणि पुढचे वाक्य लगेच राजकोटला जाते. मला मात्र ती ओळ ओलांडून पुढे जाता येत नाही. माझ्या आईच्या पिढीतल्या, म्हणजे तिथून तीस वर्षांनंतरच्या, आपल्या गावातल्या दोन बायका नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या आणि हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलवत नसे. १९२१ साली एकोणतीस वर्षांच्या बाईने, पदरी मूल असताना, परप्रांतात नोकरी धरून जाणे काय असेल याचा मी अंदाजच करते. पुढे आयुष्यभर त्या ज्या आयांशी बोलल्या, त्यांच्यापैकी पुष्कळ जणी एकट्याने मुले वाढवणाऱ्या होत्या. ताराबाईंना त्यांचे कष्ट पुस्तकातून समजून घ्यावे लागले नसतील.

राजकोटला त्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्या भारतीय बाई. जागा मानाची होती, पगार चांगला होता. तरी दोन वर्षांत त्यांनी ती सोडली. कारण जवळच, भावनगरला, दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचा एक माणूस लहान मुलांची एक वेगळीच शाळा चालवत होता.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारातून ते मारिया माँटेसरींच्या लेखनापर्यंत पोहोचले, वकिली सोडून १९१६ मध्ये नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्तीत आले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर काढले. पुढे हे बालमंदिर तख्तेश्वरजवळच्या टेकडीवर गेले. तिथे छडी नव्हती, पाठांतर नव्हते, परीक्षा नव्हती. गोष्टी होत्या, नाटके होती, बाग होती, हिंडणे होते. मूल जे हाताने करते, डोळ्यांनी बघते तेच त्याच्या डोक्यात जाते, आणि ते कधी करायचे हे मुलाला आपल्यापेक्षा जास्त कळते, अशी ती श्रद्धा होती. गुजरातेत लोक गिजुभाईंना मिशीवाली आई म्हणत. १९२३ मध्ये ताराबाई त्यांच्याकडे गेल्या. प्राचार्यपदावरून एकदम अडीच वर्षांच्या मुलांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या.

भावनगरची ही नऊ वर्षे म्हणजे ताराबाईंची खरी शाळा. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. गुजराती शिक्षणपत्रिका चालवली. पुढे ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती काढली. आईबापांनी मुलांना मारू नये, भीती घालू नये, हट्टामागचे कारण शोधावे, हे आज कोणत्याही मासिकात वाचायला मिळते. मराठी घरांत हे सांगायला सुरुवात केली त्यांत ताराबाई अगदी पुढे होत्या. आपल्या बाईंच्या कपाटात त्या पत्रिकेचे जुने अंक दोरीने बांधून ठेवलेले असत.

१९३२ नंतर ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही तिथे चालले. आपल्या बाई शिकल्या त्या इथे. शिशुविहारचे नाव झाले. शिकलेले मध्यमवर्गीय आईबाप मुलांना कौतुकाने तिथे घालू लागले. गिजुभाई १९३९ मध्ये वारले, पण त्यांनी लावलेले रोप मराठी मुलखात रुजले होते. इथेच ताराबाई थांबल्या असत्या तरी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिलेच असते.

पण त्यांना एक गोष्ट बोचत असली पाहिजे, आणि पुढे त्यांनी जे केले त्यावरून ती कोणती हे कळते. माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत निघाले होते, मजुरांच्या मोकाट हिंडणाऱ्या मुलांसाठी. तीच पद्धत हिंदुस्थानात आली आणि डॉक्टर-वकिलांच्या मुलांची झाली. लाकडी दट्ट्यांचे संच, गुलाबी मनोरा, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत अक्षरे, बटणे लावायच्या चौकटी हे सगळे साहित्य बेतशीर, सुबक आणि महाग. ते ठेवायला कपाटे हवीत, कपाटांना खोली हवी, खोलीला भाडे हवे. म्हणजे फी आली. ज्यांच्यासाठी हे निघाले ती मुले दाराबाहेरच राहिली. गांधीजींच्या नई तालीमचा विचार त्याच काळात पुढे येत होता आणि खेड्यातल्या सात वर्षांखालच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला होता.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून बोर्डीला गेल्या.

बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले अगदी उत्तरेचे समुद्रकाठचे गाव, आता पालघर जिल्ह्यात. घोलवड स्टेशनला उतरायचे, चिकूच्या वाड्यांमधून जायचे. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजींनी तिथे आधीच हायस्कूल उभे केलेले होते, त्यामुळे शिक्षणाला माणसे होती. ताराबाईंनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग हट्टाने शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे शिबिर झाले तिथे दोघींची गाठ पडली. एक त्रेपन्न वर्षांची, एक पस्तीस वर्षांची. हे दोघींचे एकत्र काम ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत चालले. बायकांच्या अशा जन्मभराच्या जोड्यांवर आपल्याकडे कमी लिहिले जाते.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली आणि पहिली ठेच लागली. ज्या मुलांसाठी ताराबाई मुंबई सोडून आल्या होत्या ती मुले आलीच नाहीत. हरिजन वस्तीतली नाहीत, वारल्यांच्या पाड्यांवरची तर नाहीतच. नाव घालायला कोणी मनाई केली नव्हती, फी नव्हती. तरी मुले आली नाहीत.

ताराबाईंचे मोठेपण मी इथे मोजते. बावीस वर्षे बालशिक्षणात घालवलेल्या, नावाजलेल्या बाईला म्हणता आले असते की पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व नाही. मास्तरकीतली चाळीस वर्षे हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकले आहे आणि स्वतः म्हटलेही आहे. ताराबाईंनी दोष शाळेकडे घेतला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे. बालशिक्षिका सकाळी वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना गोळा करायचे. आधी हातपाय, तोंडे धुवायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारात उभ्या राहून बघत. भिंत नव्हती, त्यामुळे शाळेत काय चालते हे आईपासून लपून राहत नव्हते. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाट्यांवर जो शब्द आहे तो तिथे जन्मला.

आणि साहित्य? कपाट नव्हते, पण समोर समुद्र होता. शंख-शिंपले लहानमोठे लावायचे, गोटे मोजायचे, पानांचे आकार आणि कडा बोटांनी चाचपायच्या, पिसे, बिया, माती, बांबू. मुलाच्या हाताला खरखरीत आणि गुळगुळीत यांतला फरक कळावा म्हणून परदेशी पट्टीच हवी असे कुठे आहे? ते काम झाडाची साल आणि केळीचे पान करू शकते. ताराबाईंनी माँटेसरी सोडल्या असे मात्र नाही. इंद्रियांचे शिक्षण, क्रम, मुलाची निवड हे सगळे तेच ठेवून त्यांनी सामान बदलले. आपल्या बाईंचे चिंचोके, गुंजा आणि बांबूच्या नळकांड्यांतले खुळखुळे आठवतात ना? प्रत्येक दोन नळकांड्यांत एकच धान्य असायचे आणि हलवून, ऐकून जोडी लावायची. बाजरी आणि नाचणीची जोडी मला कधीच जमली नाही. मागच्या अंगणातल्या बकुळीखाली आपला अर्धा दिवस जायचा आणि पहिलीत गेल्यावर ग म भ न उशिरा आले म्हणून आपल्या आईबापांनी तक्रार केली होती. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला ओढ्यावर बेडकांची अंडी बघायला नेले.

त्या मुलखात तेव्हा दुसरेही काही चालू होते, ते सांगितल्यावाचून हे चित्र खरे होत नाही. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी किसान सभेची परिषद झाली आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उठले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी जन्मभर राबायचे, याला तिकडे लग्नगडी म्हणत. वेठ तर सगळ्यांनाच होती. ज्या बापाचे स्वतःचे हातपाय स्वतःचे नव्हते त्याच्या मुलांना ताराबाई आपल्या मनाने काम निवडायला शिकवत होत्या. दोन्ही वाटा वेगळ्या होत्या आणि ताराबाईंची वाट संथ होती. वेठीवर बोलण्याऐवजी नखे कापत बसणे कोणाला कमी वाटेल. मलाही एके काळी वाटले होते. आता तसे वाटत नाही, पण माझे मत बदलायला वीस वर्षे लागली.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. त्याबद्दल मला फारसे सांगण्याजोगे नाही. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले आणि मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट तिथे घडली.

कोसबादला आजूबाजूला सगळे आदिवासी पाडे, बहुतेक वारल्यांचे. बोर्डीत सुचलेली अंगणवाडी इथे पुरेना. थोडी मोठी मुले अंगणात सापडतच नव्हती. मुलगे सकाळी गुरे घेऊन रानात जात, संध्याकाळी येत. मुली घरी असत, पण कडेवर धाकटे भावंड असे, कारण आई कामावर गेलेली. तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी पुन्हा तोच हिशेब मांडला. गुरे रानात जातात ना, मग शाळाही रानात. शिक्षिका कुरणात जायच्या. गुरे चरत असताना झाडाखाली मुले जमायची, आणि समोर जे असेल त्यावर धडा व्हायचा. गवत, पाखरे, ढग, गुरांची मोजणी. हिला कुरणशाळा म्हणत. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईने भावंडाला पाळणाघरात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः वर्गात बसायचे. याला विकासवाडी म्हणत. दिवसा मोकळे नसणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती. गोष्टी मुलांच्या बोलीत सांगायच्या, पुस्तकी मराठी नंतर हळूहळू.

कुरणशाळेतले मला सगळ्यात मोलाचे वाटते ते हे, की तिथे शिक्षिकेला मुलांपेक्षा कमी येत होते. कोणत्या गवताने गाय दूध चढवते, कोणता पाला विषारी, पाऊस दुपारनंतर येणार की नाही, हे गुराखी पोराला ठाऊक आणि मुंबईहून आलेल्या बाईला नाही. मुलाला माहीत असलेल्यापासून सुरुवात करायची असे डी.एड.च्या पुस्तकात आम्ही पाठ केले होते. कुरणात ते पाठ करण्याची गरज नव्हती, दुसरा मार्गच नव्हता.

आता माझे सांगते. १९७५ मध्ये माझी पहिली नेमणूक एका वाडीवरच्या शाळेत झाली. दुसरीत एक मुलगी होती, हुशार, पाढे तोंडावर. ती रोज कडेवर दीड वर्षाच्या भावाला घेऊन यायची. तो रडायचा, शी करायचा, वर्ग विस्कटायचा. तीन-चार वेळा सांगून झाल्यावर मी तिला एक दिवस सांगितले की भावाला घरी ठेवून यायचे असेल तरच ये. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी हजेरीपटावर गैरहजर लिहीत राहिले आणि वर्षअखेर तिचे नाव कमी केले. बकुळीखाली वाढलेली मी, बाईंची लाडकी विद्यार्थिनी. मला त्यात चूक दिसली नाही.

दहा-अकरा वर्षांनी शिक्षकांच्या एका सहलीबरोबर मी कोसबादला गेले. ताराबाईंना जाऊन बराच काळ झाला होता. अनुताई तिथे होत्या, मी त्यांना फक्त लांबून पाहिले, बोलायला पुढे झाले नाही. वर्ग चालू होता आणि शेजारच्या खोलीत तान्ही मुले होती. एक मुलगी वर्गातून उठली, तिथे डोकावून आली आणि पुन्हा येऊन लिहायला लागली. कोणी तिला काही विचारले नाही. एवढेच. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. बरोबरच्या मैत्रिणींना वाटले मला ऊन लागले.

परत आल्यावर मी व्हरांड्यात जुन्या लुगड्याची झोळी बांधली. तपासणीला येणाऱ्या साहेबांना ती आवडली नाही, दोनदा सोडायला लावली, मी दोनदा पुन्हा बांधली. निवृत्त होईपर्यंत जिथे जिथे गेले तिथे ती माझ्याबरोबर होती. त्या पहिल्या मुलीचा शोध मी घेतला. तिचे लग्न होऊन ती दूर गेली होती, पुढे काही कळले नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या आणि टेकडीवरच होत्या. भावनगरच्या टेकडीपासून कोसबादच्या टेकडीपर्यंतचा हा प्रवास बघितला तर प्रत्येक मुक्कामी त्यांनी आधीच्यापेक्षा कमी सुखाची जागा घेतली आहे. राजकोटचा बंगला, मग भावनगर, मग दादर, मग बोर्डी, मग वारल्यांचे पाडे. आणि दर वेळी आधीचे काम मोडले नाही, कोणाच्या तरी हाती नीट सोपवून त्या निघाल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. अनुताई पुढे १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, कोसबादलाच काम करत राहिल्या.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. सुरुवातीला देशात फक्त ३३ ठिकाणी. तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज प्रत्येक गावात ती आहे, आपल्या गावातही एस.टी. स्टँडमागे आहे. खोली आहे, वजनकाटा आहे, खिचडी आहे, अंगण नाही. अंगणवाडी सेविका तुटपुंज्या मानधनात डझनभर रजिस्टरे भरतात, त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मागच्या महिन्यात मी तिथे चिंचोके घेऊन गेले होते. सेविकाबाईंनी ते ठेवून घेतले आणि पुन्हा यायला सांगितले.

समितीच्या पत्रकात लिहिले आहे की मेळाव्याच्या निधीतून बालवर्गाच्या मागच्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि वाहने लावायची सोय करायची असा एक प्रस्ताव आहे. बकुळीचे काय करणार हे पत्रकात नाही. मी या प्रस्तावाच्या विरोधात मत देणार आहे. मेळाव्याच्या सकाळी आठ वाजता, चहाच्या आधी, मी त्या अंगणात असेन. मतदान दुपारी आहे. ज्यांना जमेल त्यांनी आधी तिथे यावे, नातवंडे बरोबर असतील तर तीही आणावीत.

आणखी एक. बालवर्गाची खोली रंगवली तेव्हा ताराबाईंची तसबीर खाली उतरवली होती, ती पुन्हा लागली नाही. मुख्याध्यापकांनी कार्यालयात, माळ्यावर, प्रयोगशाळेत शोधून दिली, सापडली नाही. लाकडी चौकट, उजव्या खालच्या कोपऱ्यात काचेला तडा. तो तडा आमच्याच बॅचने पाडला होता, लिंबू लागून. कोणी जपून ठेवण्यासाठी घरी नेली असेल तर काही विचारणार नाही, फक्त येताना बरोबर आणावी. खिळा अजून तिथेच आहे.